चांगल्या सिमेंटचे क्यूब

तुकडा तळहातावर होता. चिंचोक्याएवढे खडीचे दोन खडे त्यात रुतलेले, एक कड धारदार, आणि रंग... रंग राखेचा. चुलीतल्या राखेवर पाणी शिंपडल्यावर ती काळसर होते, तसा. समतानं तो तुकडा खिडकीकडे धरला, मग ट्यूबलाइटखाली नेला, मग पुन्हा खिडकीकडे आणला. उजेडामुळे रंग वेगळा दिसतो असं तिनं स्वतःला एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, आणि मग तिला कळून चुकलं की समजावण्यासारखं आता काही उरलेलं नाही. मागे गोपाल मशीनच्या पाट्यावरचा चुरा ब्रशनं ओढत होता. गेली कित्येक वर्षं बुलडाण्याच्या कॉलेजमधल्या या तपासणी प्रयोगशाळेत मशीन तोच चालवत आला होता, आणि आज तो खुशीत होता.

"मॅडम, काटा पाह्यला का तुम्ही? चढूनच राह्यला होता. थांबाचं नाव नाही. अशे क्यूब लय दिवसांनी आले आपल्याकडं."

"हो," ती म्हणाली.

पाहिला होता तिनं काटा. नुसता पाहिला नव्हता — तो पुढे सरकताना तिची बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती, आणि जिथं तो पोचायला हवा होता ती रेघ ओलांडून तो तसाच वर गेला तेव्हा तिला हसू फुटलं होतं. एकटीनंच हसली होती ती, गोपालकडे पाठ करून. दुसरा क्यूबही तसाच चढला, आणि आत कड्... असा ओळखीचा आवाज झाला, चारी बाजूंनी कपच्या निघाल्या, मधला डमरूसारखा गाभा तेवढा उभा राहिला — चांगला क्यूब फुटतो तसा. मग ती वाकली, सहज, सवयीनं, आणि हा तुकडा उचलला. म्हणजे काटा चढल्यापासून तुकडा उचलेपर्यंत मी सुखी होते. तेवढाच काय तो वेळ.

क्यूब म्हणजे काय, हे तिनं गावी बांधायला काढलेल्या बुद्धविहाराच्या अंगणात उभं राहून सगळ्या वस्तीला समजावून सांगितलं होतं. वरती स्लॅबमध्ये जे काँक्रीट जातं, त्यातलंच घमेलं-दोन घमेली काढून लोखंडी साच्यात भरायचं. दुसऱ्या दिवशी साचा खोलून ते ठोकळे पाण्यात ठेवायचे, आणि महिना होत आला की मशीनखाली घालून फोडायचे. ठोकळा किती सोसतो ते कळलं, की स्लॅब किती सोसेल ते कळतं. बायका पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत होत्या. देवानंदकाका — तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर मिस्त्रीकाम केलेले — चटईच्या कडेला उकिडवे बसले होते. "म्हंजे परीक्षाच ना वं ही," ते म्हणाले होते, आणि ती हसून म्हणाली होती, "हो काका, परीक्षाच." कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तेव्हा ते सांगावं असं वाटलंच नव्हतं.

या तुकड्याचा रंग असा असायला नको होता. तिनं वस्तीला जे सिमेंट घ्यायला लावलं होतं ते फिकट होतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं, किंचित तांबूस. जुन्या सिमेंटमध्ये सगळा भट्टीतला माल असतो; यात निम्मा भट्टीतला आणि उरलेल्यात चुनखडीची पूड आणि भाजून दळलेली माती. कोळसा कमी जळतो, धूर कमी होतो, आणि जमून आलं तर काँक्रीट जुन्यापेक्षा तसूभरही कमी ठरत नाही. दोन वर्षं तिनं यावरच काम केलं होतं. मोताळ्याच्या अलीकडे, घाट उतरल्यावर, तिच्या गावच्या वस्तीनं विहार बांधायला काढला तेव्हा ती आपण होऊन गेली होती, कोणी बोलावलं नव्हतं. "हे वापरा," ती म्हणाली होती. "मी तपासलंय."

फोडलेल्या थैलीभोवती माणसं जमली होती ते तिला आता दिसलं. गवंड्याच्या जातीला सिमेंट डोळ्यांनी कळतं, म्हणजे तसं त्यांना वाटतं — गडद असेल तर कडक, फिकट असेल तर भेसळीचं, माती मिसळलेलं. आणि इथं आपलीच शिकलेली मुलगी सांगत होती की यात माती आहे, आणि ती मुद्दाम घातलेली आहे. कोणीतरी हसलं होतं. "कंपनीच भेसळ करते अन् आपली समता म्हणते घ्या," असं काहीसं. देवानंदकाकांनी थैलीत कोपरापर्यंत हात घातला, चिमूटभर पूड अंगठ्यानं चोळून पाहिली, उठून हात झटकला आणि म्हणाले, "पोरगी म्हणते तं घेऊन टाका." त्यावर विषयच संपला. तिला वाटलं होतं, आपलं पटलं त्यांना.

पटलं नव्हतं. हे तिला आज, या थंड, उंच छताच्या खोलीत, पाण्याच्या टाकीच्या कुबट वासात कळत होतं. कोणीतरी तिचे क्यूब जुन्या, गडद सिमेंटचे भरले होते. कोणीतरी कशाला... साचे ज्याच्या हातात होते त्यानंच. टाकीतून काढताना काही दिसलं नाही, कारण पाण्यातून निघालेला प्रत्येक क्यूब चुन्याची पांढरी साय घेऊनच निघतो, सगळे एका आईची लेकरं दिसतात. पहिले तीन क्यूब आठवड्यानं फोडले तेव्हा ती प्रशिक्षणाला अमरावतीला होती, गोपालनं फोनवर आकडे पाठवले होते, आणि ते आकडे इतके चांगले होते की तिनं हॉस्टेलच्या खोलीत ते दोनदा वाचले. मिश्र सिमेंट सुरुवातीला सावकाश चढतं, हे वर्गात मुलांना ती फळ्यावर रेघ काढून शिकवते. आठवड्यात एवढं चढलं तर कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर तिनंच त्याला बजावलं असतं. पण आपल्या सुखावर कोण संशय घेतं? आकडा चांगला आला की तो आपलाच वाटतो.

"तिसरा फोडू का मॅडम?"

"राहू द्या."

"दोन्ही मस्त आले, तिसरा बी येईनच—"

"राहू द्या म्हटलं ना," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा आवाज आवडला नाही. गोपालनं क्यूब पुन्हा टाकीत सोडला, अगदी हळू, पाणी उडू न देता.

राग आला होता तिला. राग आला की बरं वाटतं, उभं राहायला जागा मिळते, म्हणून तिनं तो येऊ दिला. फसवलं मला. माझ्याच माणसांनी. उद्या सकाळी सेंट्रिंगवाला येणार आहे, विहाराच्या स्लॅबखालचे टेकू काढणार आहे, मधल्या हॉलमधल्या बल्ल्या आणि पत्रे एकेक करून निघतील आणि पहिल्यांदाच तो स्लॅब स्वतःच्या बळावर उभा राहील. पौर्णिमेला मूर्ती येणार, वंदना होणार, वस्तीतली सगळी माणसं खाली बसणार — बरोबर मधोमध, कारण रुख्मिणीआजीला मधोमध बसायला आवडतं, तिला कमी ऐकू येतं. आणि माझ्याकडे त्या स्लॅबबद्दल सांगायला काय आहे? एका भलत्याच काँक्रीटचे दोन उत्तम आकडे. तो स्लॅब कदाचित चांगला असेल, अगदी भक्कम असेल. नसेलही. मला माहीत नाही. सगळ्या वस्तीत 'मी तपासलंय' म्हणत फिरलेल्या बाईला माहीत नाही.

आणि हे सिमेंट वाईट नाही, हे कोणाला पटवणार? ते वाईट नाही, लहरी आहे. एका खाणीतली चुनखडी पांढरी, दुसरीतली मातकट. माती कधी जास्त भाजलेली, कधी कमी. कधी बारीक दळलेली, कधी भरड. एक गाडी पाणी बेतानं पिते, दुसरी गाडी तेवढ्या पाण्यात नुसती गोळे धरून बसते. म्हणून गाडी बदलली की माप पुन्हा बसवायचं, सगळं पुन्हा तपासायचं... हे मी सेमिनारमध्ये बोलले आहे, पडद्यावर आलेख दाखवून, टाळ्या घेऊन. स्लॅबच्या दिवशी दोन गाड्या आल्या होत्या. मी तपासलेली थैली पहिल्या गाडीच्या मालातली. दुसऱ्या गाडीचा माल जास्त फिकट होता, ते थैल्या फोडताना मला दिसलं होतं, आणि आणखीही एक... नाही. ते नंतर.

"समता मॅडम, ऐकलं मी!"

चिन्मयसर दारात उभे होते. पुण्याहून आलेले, विभागाचे प्रमुख, वयानं तिच्याएवढेच. बोलताना प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखा. स्लॅबच्या दिवशी तेच प्रमुख पाहुणे होते. "गोपालनं फोनवर आकडे पाठवले. अतिशय सुंदर. प्रत्यक्ष बांधकामातले आकडे म्हणून आपल्याला हे शोधनिबंधात घेता येतील, नाही का? आणि तेही ग्रामीण भागातलं, लोकसहभागातलं बांधकाम."

"हो सर. घेता येतील."

"कडा कशा तुटल्यात बघू?"

तिनं मूठ मिटली. असं करायचं तिनं ठरवलं नव्हतं. बोटं आपोआप मिटली, आणि खडीची धारदार कड तळव्यात रुतली. "टाकून दिलं सर सगळं," ती म्हणाली. "चुरा झाला होता." शुद्ध, स्वच्छ, प्रमाण मराठीत खोटं बोलली. सर मान डोलावून गेले. कोपऱ्यातल्या घमेल्यात सगळे तुकडे तसेच पडलेले होते, गोपालनं ते अजून बाहेर नेले नव्हते, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग घमेल्याकडे पाहिलं, आणि ब्रश धुवायला निघून गेला.

मिटलेली मूठ. कागदाची घडी. दहावीची परीक्षा, मोताळ्याचं केंद्र, गणिताचा पेपर... आत्ता हे कशाला आठवायचं? पण आठवलं की ते थांबत नाही. त्या वर्षी केंद्राच्या कंपाउंडवर माणसं अशी चढली होती की जणू आत कुस्त्या आहेत. प्रत्येकाचा कोणी ना कोणी आत होता आणि प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी होती; परीक्षेला बसलेल्या पोरामागं घरातलं एक माणूस भिंतीवर असायचंच, नसलं तर त्या पोराचं कोणी नाही असं वाटायचं. समताला चिठ्ठी नको होती. तिला सगळं येत होतं, पाचवं गणित सोडून सगळं, आणि तेही ती सोडवतच होती, तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक खडा आत आला, कागद गुंडाळलेला, आणि तिच्या बाकाजवळ पडला. तिनं पाहिलं. खिडकीत देवानंदकाका होते, एका हातानं गज धरून लोंबकळत, टोपी तिरकी झालेली, सगळा चेहरा घामानं आणि आनंदानं भरलेला. पर्यवेक्षकांनी खडा उचलला. "कोणाचा आहे रे हा माणूस?" त्यांनी विचारलं, आणि वर्ग हसला. कोणाचा आहे... तिनं मान खाली घातली आणि पाचवं गणित सोडवत राहिली. बाहेर पोलिसानं काठी आपटली, धावपळ झाली, कोणाची तरी एक चप्पल खिडकीखाली राहिली. संध्याकाळी काका एका पायानं अनवाणी घरी आले होते आणि हसतच सांगत होते, "तुयी पाठ होती मायाकडं, तुले मी दिसलोच नाही." आणि ती म्हणाली होती, "हो काका, दिसलाच नाही तुम्ही."

फोन वाजला. पडद्यावर त्यांचंच नाव. ती जिन्यात गेली. गावाकडचा फोन आला की ती नेहमी जिन्यात जाते आणि आवाज खाली आणते, का ते तिनं कधी स्वतःला विचारलेलं नाही.

"झाली का परीक्षा?"

"झाली काका."

"मंग?"

"दोन्ही... पास." तोंडातून निघून गेलं. शब्द परत घेता येईल एवढीसुद्धा उसंत मिळाली नाही, तिकडे काकांनी फोन बाजूला धरून कोणाला तरी सांगितलं, पास झाली वं, पास झाली, आणि बायकांचा एकदम गलका झाला. "रुख्मिणीआजी इथंच बसेल हाय," काका म्हणाले. "तिले ऐकू येत नाही तं हातानं सांगून राह्यलो. हासून राह्यली पाह्य."

"काका, जरा बाजूला या."

"काऊन?"

"या ना."

चालल्याचा आवाज, एक मोटरसायकल गेली. विहारामागच्या बाभळीपाशी उभे असतील ते. तिथून सोयाबीन काढून रिकामी झालेली वावरं दिसतात.

"काका, क्यूब कोणत्या सिमेंटचे होते?"

"स्लॅबचाच माल होता."

"फुटलेला तुकडा माझ्या हातात आहे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "फिकट नाही, काया आहे तो."

ते बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात पकडलं गेल्याचं काही नव्हतं, असलाच तर थोडा कंटाळा होता, उगीच विचारते ही, असा.

"माया घरची थैली होती. न्हाणीसाठी ठेवेल. वायलं कालवलं म्या, पानी मोजून टाकलं, लोखंडाची सया घेऊन चांगलं ठोकून भरले साचे. तू शिकवलं होतं तसंच भरले."

"काऊन काका? काऊन केलं असं?"

"स्लॅबले काही होत नाही बेटा. म्या आजवर किती स्लॅब टाकले, एक नाही बसला. पण मशीन कोणाची सगी नसते. तिनं आकडा कमी दाखवला असता तं लोकं स्लॅबले नसते हासले, तुले हासले असते. त्या पुण्याच्या सायबासमोर."

म्हणजे परीक्षा स्लॅबची नव्हती त्यांच्या लेखी, कधीच नव्हती. परीक्षा पोरीची होती, आणि घरातलं माणूस भिंतीवर चढलं होतं. तिला हसावं की काय करावं कळेना. राग अजून होता, तिनं त्याला घट्ट धरून ठेवलं.

"तुमचा माझ्या सिमेंटवर भरवसा नव्हता, तर तेव्हाच सांगायचं होतं काका. घ्या म्हणाले कशाला? मी सगळ्यांसमोर—"

"सिमेटाचं मले काय समजते? ते तुले समजते." ते थांबले. "दुसऱ्या गाडीचा माल लागला तवा घट्ट येऊन राह्यलं म्हणून त्या मिक्सरवाल्यायनं पाइपच सोडला आतमंदी. तू पाह्यत होती ना?"

समतानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्या पाह्यलं तुले पाह्यतांना. म्हटलं आता उठते, मंग उठते... तू नाही उठली. म्हटलं असू दे, हे आता मायावर आलं. म्हणून साचे म्या भरले."

बोलण्यात ठपका नव्हता. ठपका असता तर तिला उत्तर देता आलं असतं. त्यांनी ते असं सांगितलं की जणू पाऊस आला आणि त्यांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले.

तर ते हे होतं. सकाळपासून नंतर, नंतर म्हणत बाजूला सारलेलं. लिंबाखाली मंडप होता, माइक होता, आणि स्लॅबच्या मुहूर्तावर सत्कार ठेवला होता, कारण वस्तीत चांगलं काही घडत असेल आणि त्यात आपली मुलगी असेल तर सत्कार होतोच, काम थांबत नाही आणि सत्कारही थांबत नाही. मी दुसऱ्या खुर्चीवर. शेजारी चिन्मयसर. खांद्यावर शाल, मांडीवर गुच्छ, आणि माइकवरून संघपाल — समितीचा सचिव, माझ्याबरोबर शाळेत होता — माझ्या पदव्या वाचत होता, एकेक, सावकाश, जणू सगळ्या त्यानंच मिळवल्या होत्या. समोर बायकांच्या पहिल्या रांगेत रुख्मिणीआजी. नुकतंच तिनं माझ्या खांद्यावर शाल घालताना दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं होतं आणि मोठ्यानं म्हणाली होती, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, "आता माया डोक्यावर तुयं छत!" आणि तिच्या डोक्यावरून, मंडपाच्या कनातीच्या फटीतून, मला मिक्सर दिसत होता. पाइप दिसत होता. पाणी सोडणारा हात दिसत होता. किती जातंय ते कळत होतं, आणि पाणी जास्त झालं की काँक्रीट कच्चं राहतं हेही. घशात शब्द आला होता — ए, पानी बंद कर बे! — अगदी तसाच आला, वऱ्हाडीत, बापाच्या आवाजात, उभं राहून, शाल टाकून, अंगणभर घुमेल असा. आणि शेजारच्या खुर्चीत इस्त्रीचं मराठी बोलणारा माणूस बसलेला होता. तेवढं कारण. दुसरं कुठलंही नाही. मी तो शब्द गिळला, गुच्छ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला, आणि माझी चौथी पदवी ऐकली.

लाज वाटली तिला. आजवर ज्याला ती लाज म्हणत आली होती, ते नुसतं ओशाळणं होतं. ही खरी लाज होती. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"समते? हायस का?"

"काका, उद्या सेंट्रिंग काढू नका."

"सांगून ठेवेल हाय त्याले."

"काढू नका. स्लॅबमधून नमुना काढावा लागेल. मशीननं, वरून, गोल... तीन ठिकाणी."

"भोकं पाडतं विहाराले?"

"बुजवता येतात काका. त्यावरून खरं कळेल."

दूरवर बायकांचा गलका अजून चालूच होता. पास झाल्याची बातमी आता घराघरात गेली असणार, कोणाकडे तरी साखर वाटली जात असणार.

"लोकायले काय सांगू?" काकांनी विचारलं.

काकांनी क्यूब बदलले हे सांगायचं? खरं आहे ते, आणि ते सांगितलं की सगळं त्यांच्यावर जाईल. मिस्त्रीनं फसवलं, मॅडमनं पकडलं, अशी गोष्ट तयार होईल, सगळे तिला आणखी मान देतील. की मी पाणी पाहिलं आणि बसून राहिले, हे सांगायचं? तेही खरं आहे. आणि ते सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, पोरगी काकाला वाचवते म्हणतील, इतकं त्यांना तिच्याबद्दल वाटतं.

"मीच येऊन राह्यली," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. वरच्या पायरीवरून उतरणाऱ्या दोन मुली तिच्याकडे पाहत गेल्या. "दुपारच्या गाडीनं येऊन राह्यली. तोवर टेकूले हात लावू देऊ नका कोणाले."

"बरं," काका म्हणाले. "जेवून निघ."

ती जेवली नाही. चिन्मयसरांच्या खोलीवरून जाताना दार उघडं होतं, ते मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, आणि दारात थांबून, सर, ते आकडे स्लॅबचे नाहीत, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. ती थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. ती पुढे गेली. हे उद्यावर टाकलं असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि उद्यावर टाकायची आपल्याला सवय आहे हेही तिला त्याच क्षणी माहीत होतं.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. बुलडाणा मागे पडलं, घाट सुरू झाला, वळणावळणाला गाडी कण्हत होती आणि माणसं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलत होती. खाली कापसाची वावरं, मधूनच तुरीच्या पिवळ्या पट्ट्या. पर्समध्ये तो तुकडा होता. फेकून द्यावा असं दोन वळणांवर मनात आलं, पण तिनं पर्स उघडली नाही. ती वाक्यं जुळवत होती. सगळ्यांना बसवायचं, रुख्मिणीआजीला जवळ, आणि म्हणायचं... काय? पहिलं वाक्य जमलं की ते पुस्तकी वाटायचं, वर्गातलं. मोडून गावच्या बोलीत करून पाहिलं की ते एवढं उघडं पडायचं की तोंडातून निघणार नाही असं वाटायचं. तू पाह्यत होती ना. म्या पाह्यलं तुले पाह्यतांना.

किती सहज म्हणाले ते. मंडपाबाहेर, मिक्सरपाशी, सिमेंटनं माखलेले उभे असतील. मी पाण्याकडे पाहत होते आणि ते माझ्याकडे. आणि त्यानंतर सत्काराच्या जेवणाला माझ्या पानात त्यांनीच वाढलं होतं, लोकांना सांगितलं होतं, पोरगी सकाळपासून उभी हाय, तिले बसू द्या. महिनाभर फोनवर बोलत होते, कधी चकार शब्द काढला नाही. आजही तुकडा काळा आहे असं मी म्हणाले नसते तर... कधीच नाही. त्यांनी ते न्हाणीसाठी ठेवलेल्या थैलीत बांधून ठेवलं असतं.

गाडीनं शेवटचं वळण घेतलं. सपाटी आली, ऊन एकदम जास्त झालं, आणि तेव्हा, वाक्य जुळवता जुळवता, समताचा हात पर्सवर तसाच राहिला.

पाठ नव्हती माझी. माझा बाक खिडकीसमोर होता. खडा पडला आणि मी मान वर केली, आणि आमची नजर... त्यांच्या कपाळावरचा घाम मला आठवतो, तिरकी टोपी आठवते, म्हणजे मी समोरून पाहिलं, म्हणजे गजांपलीकडून त्यांनीही पाहिलं — पर्यवेक्षकांनी विचारताना, वर्ग हसताना, मी मान खाली घालताना. सगळं पाहिलं. आणि एक चप्पल मागे टाकून, गावापर्यंत चालत, वाटेत कुठंतरी त्यांनी ठरवलं असेल की पाठ होती म्हणायचं. तुले मी दिसलोच नाही. मला वाटत आलं, इतकी वर्षं, की त्यांना कळलं नाही, की मी त्यांना सांभाळून घेतलं.

शेजारच्या बाईनं खिडकीतून बाहेर पाहायला मान पुढे काढली आणि विचारलं, "कुठं उतरनार हाय तुमी?"

समतानं गावाचं नाव सांगितलं.

"कोणाच्या घरी?"

"देवानंद मिस्त्रीच्या," ती म्हणाली. बाईला नाव नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं ते पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.